मधल्या वर्षांची मुलं

आमच्या मंडळीत एक वय असं आहे की ज्याला बसायला ठरलेली जागा नाही. लहानग्यांची सतरंजी पुलपिटासमोर असते. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं असं आता कुणी सांगत नाही, तरी जुनी माणसं तशीच बसतात. तरुण संघ पेटी, तबला आणि कीबोर्डच्या आसपास. आणि सहावी-सातवीपासून दहावीपर्यंतची मुलं? ती दारात असतात, पायऱ्यांवर असतात, गाड्या लावलेल्या लिंबाखाली असतात. एखादा शेवटच्या बाकावर अंग चोरून बसतो आणि आशीर्वचन संपायच्या आत बाहेर पडतो. सतरंजीवर त्यांचे पाय मावत नाहीत, तरुण संघात त्यांना अजून कुणी धरत नाही. परवापरवापर्यंत नाताळच्या नाटकात मेंढरू होऊन रांगणारा मुलगा आता मेंढपाळ हो म्हटलं तरी मान खाली घालतो, कारण बोलताना त्याचा आवाज मध्येच फाटतो.

मी या मुलांची ताई. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करते. आठवडाभर बिलं, चलनं, जीएसटीची विवरणपत्रं, आणि रविवारी उपासना सुटली की मंडळीच्या मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये ही मुलं. शहराचं नाव सरकारी कागदावर अहिल्यानगर झालं आहे, आमच्या तोंडी अजून नगरच येतं. सुट्टीचा एकच दिवस आणि तोही तू त्या पोरांत घालवतेस, असं मावशी म्हणते. तिच्या लेखी ही सेवा आहे, आणि सेवा म्हणजे आपल्याजवळचं काहीतरी देऊन टाकणं. माझा अनुभव तसा नाही. सोमवारी सकाळी कारखान्याच्या बसमध्ये चढताना मी जी असते, ती बरीचशी या मुलांनी आदल्या दिवशी घडवलेली असते. त्यांच्यासमोर खोटं टिकत नाही. प्रवचनात मोठी माणसं खपवून घेतील असं वाक्य या हॉलमध्ये उच्चारलं, की तेरा वर्षांची एक मुलगी भुवई वर करते. मग ते वाक्य मला माझ्यापुरतं पुन्हा तपासावं लागतं.

या वयाबरोबर कसं राहायचं हे मला शिकवलं ते मार्काच्या शुभवर्तमानातल्या एका प्रसंगानं. याईराची मुलगी. घरात रडणारे जमले आहेत, बापाला निरोप मिळाला आहे की आता गुरुजींना त्रास देऊ नका, सगळं संपलं. येशू आत जातो, गर्दी बाहेर काढतो, मुलीचा हात धरतो आणि तिला उठ म्हणतो. ती उठते, चालायला लागते. ती बारा वर्षांची होती हे मार्क आवर्जून नोंदवतो. सगळे थक्क झालेले असताना येशू दोनच गोष्टी बजावतो. एक, याचा बोभाटा करू नका. दुसरी, हिला काहीतरी खायला द्या.

किशोरांमध्ये काम करणाऱ्यांसाठी पुष्कळ पुस्तकं लिहिली गेली आहेत, शिबिरं होतात, आखीव पाठ मिळतात. त्यातलं काही उपयोगाचंही असतं. पण माझ्यापुरती सगळी रीत या दोन सूचनांत आहे.

खायला द्या, हे आधी. मुलं सकाळी चहा-बिस्किटावर आलेली असतात, कुणी तेवढंही घेतलेलं नसतं. उपासना दोन तास चालते. म्हणून हॉलमध्ये पहिलं काम वचनाचं नाही, वड्यांचं. कोपऱ्यावरच्या गाडीवरून वडापाव येतात, कधी कुणाची आई पातेलंभर पोहे पाठवते, थंडीत मिसळ असली तर उपासनेला न आलेली मुलंही बरोबर त्या वेळेला उगवतात आणि मला त्यांचं येणं फार आवडतं. एक मुलगा आपला दुसरा वडा कागदात गुंडाळून खिशात घालतो. घरी धाकटी बहीण आहे. मी ते पाहिलेलं त्याला ठाऊक आहे, तो दिसू देतो, आणि आम्ही त्याबद्दल बोलत नाही. फक्त वडे आणताना एक जास्तीचा येतो.

खाताना मुलं बोलतात. समोर बसवून, बायबल उघडून, आता तुमचे प्रश्न विचारा म्हटलं की सगळी भिंतीकडं बघतात. पण बोटं तेलकट झालेली असताना, नजर वड्यावर असताना, या वयाच्या मुलाला आतलं बोलायचं बळ येतं. आजीसाठी आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती ताई, पाळकसाहेबांनी हात ठेवून केली, मग ती का गेली? माझा बाकावरचा दोस्त हिंदू आहे, तो मेल्यावर कुठं जाणार? पप्पा पितात आणि रविवारी पुढं बसून साक्ष देतात, देवाला हे दिसत नाही का? एकीनं तर, तिखट लागल्यासारखे डोळे करून, मला आरशात बघवत नाही, एवढंच म्हटलं आणि पाणी प्यायला उठून गेली.

आजीच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, आणि नाही हे मी सांगते. येशू स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला होता, उठवणार हे ठाऊक असूनही रडला, तेव्हा रडणं म्हणजे विश्वासाची कमतरता नव्हे, एवढं मात्र खात्रीनं सांगते. दोस्ताच्या प्रश्नावर मी त्यालाच विचारलं, तुझा डबा कोण खातं? तो. आणि तू त्याचा? हो. त्याच्या आईनं दिवाळीत तुला घरी बोलावलं का? दरवर्षी. मग म्हटलं, माणसांचा न्याय करायचं काम देवानं आपल्यापैकी कुणावर सोपवलेलं नाही, शेजाऱ्यावर प्रेम करायचं काम मात्र सोपवलं आहे आणि ते तू करतोच आहेस. हे उत्तर आमच्या मंडळीच्या पंचांपैकी काहींना पुरेसं वाटणार नाही. मला ते पटलेलं आहे, म्हणून मी तेच देते.

आणि दुसरी सूचना, बोभाटा करू नका. हॉलमधलं बोलणं हॉलमध्ये राहतं. या गावात कुणाचं काय चाललंय हे दुपारच्या जेवणापर्यंत भिंगारपासून सावेडीपर्यंत पोचतं, आणि ख्रिस्ती समाज लहान, नात्यागोत्यांनी बांधलेला. तेव्हा मुलाचं गुपित सांभाळणं ही मोठी गोष्ट आहे. पण मी मुलांना एक वचन कधीच देत नाही. काहीही सांग, मी कुणालाच सांगणार नाही, असं मी म्हणत नाही. पहिल्याच रविवारी नव्या मुलांना स्पष्ट सांगून टाकते: तुझ्या शरीराला कुणी नको तसा हात लावत असेल, कुणी तुला इजा करत असेल किंवा तूच स्वतःला करत असशील, तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही, तुझ्याबरोबर उभी राहून योग्य माणसापर्यंत नेईन. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती पोलिसांपर्यंत पोचवणं मोठ्यांवर बंधनकारक केलेलं आहे. कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. हॉलच्या भिंतीवर वचनांच्या तक्त्याशेजारी १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मोठ्या आकड्यांत लावलेला आहे. हॉलचं दार उघडं असतं. मी कधीच एकटी मोठी माणूस नसते, निवृत्त झालेल्या एक शिक्षिका कोपऱ्यात विणत बसलेल्या असतात. रात्री मुलांशी फोनवर खासगी गप्पा होत नाहीत. काहींना हे पाहुण्यांच्या घरी वागल्यासारखं वाटतं. आपलीच मंडळी, आपलीच लेकरं, इथं कसले नियम, असं एका काकांनी मला विचारलं. आपली लेकरं आहेत म्हणूनच, असं मी त्यांना म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. देवाच्या घरावर आईबाप डोळे मिटून विश्वास टाकतात. तो विश्वास जपायला डोळे उघडे लागतात.

मी या मुलांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. आई होण्याइतकी नाही, मैत्रीण म्हणवण्याइतकी लहानही नाही. हे अंतर फार कामाचं आहे. त्यांना दिसतं की मी नुकतीच त्या वाटेनं गेले आहे, आणि पोचलेली अजून नाही. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तुझं वय लहान म्हणून कुणी तुला हलकं लेखू नये असा धीर दिलेला आहे. तीमथ्याला तो धीर लागला याचा अर्थ लोक त्याला हलकं लेखत होते. जॉर्ज विल्यम्स हा लंडनमधल्या कापड दुकानातला नोकर बावीस वर्षांचा होता, जेव्हा १८४४ साली त्यानं सोबतच्या कामगारपोरांना जमवून वायएमसीए सुरू केली. रॉबर्ट रेक्स मात्र चांगला चाळिशीतला, ग्लॉस्टरमधला छापखानेवाला. त्याच्या १७८० च्या रविवारच्या शाळेत यायची ती आठवडाभर कामाला जुंपलेली मुलं, आणि तिथं प्रार्थनेइतकंच अक्षरओळखीला महत्त्व होतं. पुढं १८८१ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकानं ख्रिश्चन एंडेव्हर ही तरुणांची संस्था काढली. तिच्या सभासदांनी प्रत्येक सभेत काहीतरी भाग घ्यायचा, एखादं वाक्य का होईना बोलायचं, अशी प्रतिज्ञा असे. मुलांच्या हाती सभा देण्याची ती कल्पना मला मनापासून पटते, सक्तीनं बोलणं पटत नाही. आमच्या हॉलमध्ये एक मुलगी कितीतरी महिने काही बोललेली नाही. ती येते, चपला ओळीनं लावते, सगळ्यांच्या. तिचा भाग तो आहे.

नगरला तर या कामाची मुळं खोल आहेत. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ साली आलं. सिंथिया फरार नावाच्या शिक्षिकेनं इथं मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला तिच्याकडं नगरला आल्या होत्या. सावित्रीबाई तेव्हा विशीच्याही आतल्या. माझ्या मुलींना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्या रस्त्यांचा अभिमान वाटला, ज्यांवरून त्या रोज शिकवणीला सायकल मारतात. शाळेत सावित्रीबाईंवर भाषण करायचं होतं, त्यात एकीनं हे घातलं आणि बक्षीस आणलं.

अभिमान लागतो त्यांना, कारण शाळेत उलटंही ऐकावं लागतं. तुमचा देव इंग्रजांचा, असं एका मुलाला वर्गात कुणीतरी म्हटलं. तो भांडला नाही, पण रविवारी हॉलमध्ये आल्यावर त्यानं विचारलं, खरंच का हो ताई? मी त्याला थॉमस स्टीफन्सचं नाव सांगितलं. जन्मानं इंग्रज खरा, पण गोव्यात आलेला जेझुइट संन्यासी. १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं, म्हणजे पेशवाई बुडून इथं इंग्रजांचा अंमल आला त्याच्या दोनशे वर्षं आधी, आणि ते पुराण कशात लिहिलं तर ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत. मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या त्यात आहेत. तुझी आजी जात्यावर ज्या छंदात गायची त्या छंदात, मी म्हटलं. माझी आजी जात्यावर ना. वा. टिळकांची गाणी म्हणायची, तो म्हणाला. मग आणखी काय हवं?

पण सगळ्याच प्रश्नांना इतिहासातून बळ मिळत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना दहावीतल्या एका मुलानं मला धर्म आणि जात या दोन रकान्यांवर बोट ठेवून विचारलं, इथं काय लिहू. त्याच्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. बाप्तिस्म्यानंतरही लगेच मिळालं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे समजावणं म्हणजे त्याला सांगणं की देवानं तुझी जात पुसली आणि कागदानं ती पुसली नाही, फक्त तिचा हक्क पुसला. मला हा अन्याय वाटतो आणि मी तो अन्यायच म्हणते. त्या दुपारी आम्ही दोघांनी बसून त्याला लागू असलेल्या दुसऱ्या योजनांचे अर्ज शोधले, दाखल्यांची यादी केली. मंगळवारी मी अर्धी रजा टाकून त्याच्या आईबरोबर तहसील कचेरीत गेले. युवकसेवा म्हणजे गिटार आणि टाळ्या अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी एकदा दाखल्याच्या रांगेत उभं राहून पाहावं. तिथंही प्रार्थना होते.

गिटार आहे आमच्याकडं, तेही खरं. मुलांना यूट्यूबवरची हिंदी-इंग्रजी गाणी हवी असतात, ड्रमचे ठोके हवे असतात. मोठ्यांना ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीतं हवी असतात, त्यातही नारायण वामन टिळकांची. यावर दर वार्षिक सभेत कुणीतरी बोलतंच. मी दोन्ही गाऊन घेते. टिळकांची भजनं टाळ-तबल्यावर म्हणायची असतात. मी मुलांच्या हातात टाळ दिले आणि लय वाढवू दिली. तिसऱ्या अंतऱ्याला हॉलचा पत्रा हादरत होता. विणकाम करणाऱ्या बाईंनी सुया खाली ठेवल्या आणि ताल धरला.

टिळकांपेक्षा मला या कामात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जास्त जवळच्या वाटतात. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं त्या रडल्या, रागावल्या, वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्यासोबत नगरला येऊनही आपलं सोवळं, आपली चूल, आपलं पाणी सांभाळत राहिल्या. आणि ते सोवळं त्यांनी टाकलं ते कुणी सांगितलं म्हणून नाही, आतून उलगडत गेलं म्हणून. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना मी तो भाग पुन्हा पुन्हा वाचते. मराठी ख्रिस्ती घरांत जिचं नाव आदरानं घेतात, तिलाच पाच वर्षं लागली. मग चौदाव्या वर्षी एखादा मुलगा मला म्हणाला की, यंदा दृढीकरणाच्या वर्गात नाव घालू नका, मला अजून खात्री नाही, तर घाई कशाची? घरच्यांना समाजात कसं दिसेल याची चिंता असते. मी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांना ती पाठच होती. थांबू दे त्याला, म्हणाले.

बायबलमध्ये या वयाविषयी फार थोडं आहे. येशूचा जन्म आहे, गव्हाण आहे, मागी आहेत. मग एकदम बारावं वर्ष, तेही एकट्या लूकच्या दुसऱ्या अध्यायात. वल्हांडणाला यरुशलेमला गेलेलं कुटुंब परत निघतं, मुलगा नातेवाइकांच्या घोळक्यात असेल असं समजून एक दिवसाची वाट चालतं. मग शोधाशोध, मागं फिरणं, आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो, गुरूंच्या मध्ये बसून ऐकणारा आणि प्रश्न विचारणारा. आई रागावते. तो जे उत्तर देतो ते आईबापांना कळत नाही. लूक हे लपवत नाही, त्यांना ते समजलं नाही असं सरळ लिहितो. मग मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथला परत जातो, त्यांच्या आज्ञेत राहतो, आई सगळं मनात ठेवते. आणि त्यानंतर एकही प्रसंग नाही. पुढच्या अध्यायात तो सुमारे तीस वर्षांचा आहे.

अठरा वर्षं गेली कुठं? मुलं हा प्रश्न दरवेळी विचारतात. सुतारकाम करत होता, हे आपल्याला मार्कावरून कळतं. बाकी त्याचा आवाज कधी फुटला, कुणाशी त्याचं भांडण झालं, योसेफ गेला तेव्हा तो केवढा होता, कशाचंच काही लिहिलेलं नाही. मला आधी ते रिकामं वाटायचं. आता वाटत नाही. माझी मुलं त्या न लिहिलेल्या वर्षांच्या उंबरठ्यावर आहेत आणि मी त्यांच्या दुसऱ्या टोकाला, पण आतच. प्रभूनंही ही वर्षं जगून काढली, आणि साक्षीसारखं सांगण्याजोगं त्यात शुभवर्तमानकारांना काही मिळालं नाही. देवाच्या पुत्राला मोठं व्हायला एवढा वेळ दिला गेला. मग दहावीच्या निकालावरून, एका वर्षाच्या वागण्यावरून, एका मोबाइलवरून मुलांचा निवाडा करणारे आपण कोण?

मी आठवीत होते तेव्हा वडील गेले. मी गाणं सोडलं, दारात उभी राहायला लागले. त्या वेळी हॉलमध्ये मुलांना घेणारे एक दादा होते, तेव्हा ते असतील आज मी आहे एवढेच. त्यांनी माझं सांत्वन केलं नाही. एका रविवारी हॉलची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, मला पुढच्या आठवड्यापासून उशीर होईल, तू उघडत जा. मी अर्धा तास आधी येऊन दार उघडायला लागले, सतरंज्या झटकायला लागले, आणि रिकाम्या हॉलमध्ये कुणी ऐकत नाही म्हणून पुन्हा गायला लागले. बायबलमधल्या शमुवेलाच्या गोष्टीत म्हाताऱ्या एली याजकाला देवाची हाक ऐकू येत नाही. ती मुलालाच येते, आणि तो प्रत्येक वेळी एलीकडं धावतो. तिसऱ्यांदा एलीच्या ध्यानात येतं की ही हाक कुणाची असावी, आणि तो मुलाला सांगतो, जाऊन तिथंच नीज, पुन्हा आली तर ऐकतो आहे म्हण. दादांनी माझ्यासाठी तेवढंच केलं. ते आता चाकणला असतात, मोटारींच्या कारखान्यात.

सगळे जातात पुण्याकडं. दहावी झाली की तारकपूरच्या स्टँडवरून कुणी डिप्लोमाला, कुणी नर्सिंगला, कुणी थेट कामाला. मीही जाईन, बहुधा. कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयातून विचारणा झाली आहे आणि घरची गरज खरी आहे. म्हणून गेल्या काही महिन्यांपासून मी हॉलमधली कामं एकेक करून मुलांकडं देते आहे. वड्यांचे पैसे आता नववीतली एक मुलगी सांभाळते, तिचा हिशेब माझ्यापेक्षा चोख असतो. वचन कुणी वाचायचं ते तेच ठरवतात. चपला लावणारी मुलगी नव्या मुलांना दारात घेते, न बोलता, हातानं जागा दाखवून.

यंदाचं नाताळचं नाटकही त्यांनीच लिहायचं ठरवलं आहे. गव्हाण नको, म्हणाले. बारा वर्षांच्या येशूचं करू, मंदिरातून घरी परत नेतात तिथून पुढचं, जे लिहिलेलंच नाही ते. पाळकसाहेबांना विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, लूक काय सांगतो त्याच्या उलट काही नको, बाकी लिहा. तेव्हापासून हॉलमध्ये वाद चालू आहे. एकाचं म्हणणं, मरिया तीन दिवस शोधून दमलेली असणार, परतीच्या वाटेवर ती त्याच्याशी बोललीच नसणार. दुसरी म्हणते, तुला आया ठाऊकच नाहीत, सबंध वाटभर बोलली असेल. योसेफ काय म्हणाला असेल यावर सगळे अडले आहेत, कारण बायबलमध्ये योसेफाचं एकही वाक्य नाही. खिशात वडा नेणाऱ्या मुलाला योसेफाचं काम हवं आहे. आवाज फुटतो त्याला येशू व्हायचं आहे, तसाच फुटक्या आवाजाचा. तालीम शनिवारी पाच वाजता आहे, आणि मरियेसाठी कुणाची तरी निळी साडी हवी आहे.